सिंगापुरातल्या तीन सकाळी आणि बर्फावरची भाकितं

सिंगापूरहून परतले तेव्हा ऑफिसात सगळ्यांनी एकच विचारलं, तोंडातून पाणी सोडणारा तो सिंहाचा पुतळा बघितलास का. नाही बघितला. हातात दिवस मोजके, आणि त्यातल्या तीन सकाळी मी टीव्हीसमोर बसून आईस हॉकीच्या मॅच बघितल्या. मॅच चालल्या होत्या अमेरिकेत. त्यासाठी सिंगापूरला कशाला जायला पाहिजे, असं माझ्या नवऱ्याने विचारलंच होतं. मी म्हणाले, मैत्रिणीला भेटायला चाललेय. ते खरं होतं, पण अर्धंच. उरलेलं अर्धं इथे लिहिते.

आधी थोडं मागचं. मी इचलकरंजीची. वडील यंत्रमागावर कामाला होते, आई कांड्या भरायची. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली, आणि हे मी कुणी न विचारताही सांगते. सांगलीला इंजिनीअरिंग केलं, मग शिष्यवृत्ती मिळवून अमेरिकेत गेले, पार उत्तरेला, कॅनडाच्या सीमेजवळच्या एका विद्यापीठात. तिथे हिवाळ्यात करण्यासारख्या दोनच गोष्टी होत्या, अभ्यास आणि आईस हॉकी. बर्फाचं बंदिस्त मैदान असतं, त्याला रिंक म्हणतात. पायात पात्याचे बूट, म्हणजे स्केट्स, हातात काठी, आणि रबराची एक काळी चकती समोरच्याच्या जाळीत घालायची. कॉलेजचं सगळं गाव त्या चकतीमागे वेडं.

मला त्या रिंकवर अर्धवेळ काम मिळालं होतं, स्केट्सच्या पात्यांना धार लावायचं. दोन हिवाळे मी खेळाडूंच्या पायातलं लोखंड घासलं. कोणाची आतली कड आधी झिजते, कोण एकाच पायावर भार देतो, कोण दुखणं लपवतो, ते मला त्यांच्या प्रशिक्षकाच्या आधी कळायचं. लोकांना हा खेळ वरून दिसतो, मला खालून कळला.

माझी रूममेट मृण्मयी. पुण्याची, प्रभात रोडची. आई डॉक्टर, वडील डॉक्टर, आजोबा प्राध्यापक. तिच्या घरात पदवी म्हणजे भिंतीवरचं घड्याळ, आहे हे सगळ्यांना माहीत, बघत कुणीच नाही. पहिल्या मॅचला तिला मी ओढत नेलं. हा खेळ तिला मी शिकवला. एवढं वाक्य लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा जळफळाट त्याच्यावर उभा आहे.

तिथे एकत्र शिकलेले आम्ही आठ मराठी जण त्या गावातून आठ दिशांना गेलो, पण कॉलेजच्या हॉकीने आम्हाला बांधून ठेवलं. दरवर्षी मार्चमध्ये बाद फेरी सुरू झाली की आमचा खेळ सुरू होतो. प्रत्येक मॅचच्या आधी कोण जिंकणार ते बाकी सात जणांनी शिरीषला कळवायचं. शिरीष नाशिकला असतो, तो आमचा पंच. मॅच सुरू झाली की तो सगळ्यांची भाकितं ग्रुपवर टाकतो. बरोबर आलं की एक गुण. ज्याचे गुण जास्त, त्याचं नाव वर्षभर व्हॉट्सॲप ग्रुपला. बक्षीस एवढंच.

चार वर्षं ग्रुपचं नाव होतं ‘सारिकाचा दरबार’. सारिका म्हणजे मी. त्यानंतर सलग तीन वर्षं ‘मृण्मयीचा दरबार’. रोज सकाळी फोन उघडला की आधी ती पाटी. मी पहाटे साडेचारला उठून, कानात हेडफोन घालून, सासूबाईंना जाग येऊ नये म्हणून अंधारात मॅच बघणार, आणि भाकितं खरी हिची. यंदा बाद फेरी अर्धी झाली तेव्हा मी तिच्यापेक्षा एका गुणाने पुढे होते. माझ्या बरोबरीला सचिन होता, पण त्याला आम्ही कुणी धरत नव्हतो. तो नागपूरला असतो, दहा वर्षांत त्याने एकही मॅच बघितलेली नाही. प्रत्येक मॅचला तो डोळे मिटून घरच्या संघाचं, म्हणजे ज्यांच्या रिंकवर मॅच त्यांचं, नाव लिहून टाकतो.

आता आमच्या कॉलेजची लढत राहिली होती, तिच्यावरच आमचा त्या वर्षीचा खेळ संपतो. लागोपाठ तीन दिवसांत तीन मॅच, तिन्ही आमच्याच रिंकवर, त्यातल्या दोन जिंकेल तो पुढे. सिंगापूरहून मृण्मयीचा फोन आला, “येतेस का? मुलीला सुट्टी आहे, अमित जकार्ताला चाललाय ऑफिसच्या कामाला. एकत्र बघू.” अमित तिचा नवरा. मी रजा टाकली. मला बघायचं होतं, ही करते कसं.

शुक्रवार, बुकित पंजांग

तिचं घर शहराच्या पश्चिम टोकाला आहे. मेट्रोतून उतरून एका छोट्या गाडीत बसायचं, दोन डब्यांची, ड्रायव्हर नसलेली, इमारतींच्या मधून उंचावरून जाणारी. एका वळणावर खिडकीची काच एकदम धुरकट झाली. मला वाटलं एसीमुळे वाफ धरली, म्हणून मी रुमालाने पुसायला गेले. मृण्मयीची नऊ वर्षांची मुलगी, इरा, हसून लोळायची बाकी राहिली.

“आंटी, कॅनॉट वाइप लाह. इट्स ऑटोमॅटिक.”

मृण्मयीने समजावलं, “लोकांची घरं इतकी जवळ आहेत ना, आत दिसू नये म्हणून काच आपोआप पांढरी होते.”

मी रुमाल पर्समध्ये ठेवला. आमच्या हडपसरच्या गॅलरीतून समोरच्यांच्या घरात कोणती मालिका चालू आहे ते दिसतं, आणि त्यांना आमची. इथे गाडीलासुद्धा डोळे खाली घालायची रीत.

चौदाव्या मजल्यावरचा फ्लॅट. खिडकीतून हिरवी टेकडी. जिने झाडलेले, लिफ्टला वास नाही. मी मनात एकेक गोष्ट तोलत होते आणि प्रत्येक वेळी पारडं तिच्या बाजूला जात होतं. तेवढ्यात तिच्या सासूबाई बाहेर आल्या, नलिनीकाकू. सत्तरीच्या, ताठ, गाऊनवर ओढणी, गळ्यात चष्म्याची दोरी. सांगलीच्या एका शाळेत त्या तीस वर्षं खेळाच्या शिक्षिका होत्या, मुलींचा खो-खो शिकवायच्या.

“इचलकरंजीची ना तू? मग खर्डा खातेस का विचारत नाही. वाढतेच.”

भाकरी, खर्डा, वांग्याची भाजी. परदेशात पहिल्याच संध्याकाळी माझं पान माझ्या गावासारखं होतं. आनंद व्हायला पाहिजे होता, तर मनात आलं, हिला सासूसुद्धा माझ्या गावाकडची मिळाली.

जेवताना मृण्मयी म्हणाली, “उद्या सातला आहे मॅच.”

“रात्री?”

“अगं, सकाळी. त्यांची संध्याकाळ म्हणजे आपली सकाळ. सातला चहा घेऊन बसायचं, दहाच्या आत मोकळं.”

माझी सात वर्षांची पहाट डोळ्यासमोर आली. पृथ्वी गोल आहे, तीही हिच्या सोयीने.

शनिवार, सकाळ आणि बेडोक

सातला आम्ही बसलो. मृण्मयी सोफ्यावर, मी खाली सतरंजीवर, कारण मला खाली बसूनच मॅच बघता येते. काकू डायनिंगच्या खुर्चीत मटार सोलत. समोर होता खालच्या कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेला टोस्ट, आत नारळ आणि अंड्याचा गोड जॅम आणि लोण्याचा थंड तुकडा. त्या जॅमला इथे काया म्हणतात. मला तो आवडला, हे मी मृण्मयीला मुद्दाम सांगितलं नाही.

पहिल्या मॅचला मी आपल्या कॉलेजवर भरवसा ठेवला होता. आमचे हिरवे, समोरचे तांबडे. शिरीषने यादी टाकली. मृण्मयीने तांबडे दिले होते.

“आपल्याच पोरांविरुद्ध?” मी विचारलं.

“भाकित आहे गं, प्रार्थना नाही.”

मॅचच्या तीन भागांतला पहिला बरोबरीत गेला. आमच्या गोलकीपरच्या उजव्या स्केटची कड घसरतेय, एवढं मला दिसलं, पण ते किती भोवेल याचा अंदाज येईना. तेवढ्यात मागून काकू म्हणाल्या, “मृण्मयी, ह्यांचं आज खरं नाही. बाटली बघ.”

“काय, आई?”

“पाण्याची बाटली. बाकावर आला की जो तो आपली आपण उचलतोय. गेल्या आठवड्यात बघितलेल्या त्या तांबड्या पोरांत एक पितो आणि न बघता शेजाऱ्याला देतो. न बघता, हां. म्हणजे त्याला माहीत आहे शेजारी कोण बसलाय.”

मी मागे वळून बघितलं. काकूंचे हात मटारात होते, नजर टीव्हीवर.

“काकू, तुम्हाला हॉकी कळतं?”

“छे गं. ती काळी टिकली तर मला दिसतच नाही. मी बाकावर बघते. तीस वर्षं पोरी पळवल्यात, पळणारी दमली की आधी खांदे सांगतात आणि फुटलेला संघ आधी बाकावर दिसतो.”

मृण्मयी माझ्याकडे बघत नव्हती. टोस्टच्या कडा खात होती. मला सगळं एका क्षणात कळलं.

“तीन वर्षं?” मी विचारलं.

“तीन वर्षं झाली आई इथे येऊन,” ती म्हणाली. “नियमात कुठे लिहिलंय की सासूला विचारायचं नाही?”

नियमात नव्हतं. माझ्या सासूबाई या खेळाला ‘काठ्यांची मारामारी’ म्हणतात आणि टीव्हीसमोरून केरसुणी घेऊन जातात. त्या वाईट नाहीत, खरंच नाहीत. पण एकीच्या सासूने सुनेची भाकितं घडवावीत आणि दुसरीने समोरचा एक गडी बाहेर बसवलेला असताना, ऐन पॉवर प्लेच्या वेळी, पोछा मारावा, ही वाटणी कोणी केली?

आम्ही हरलो. मृण्मयी आणि मी बरोबरीत आलो. सचिनने नेहमीप्रमाणे घरचा संघ लिहिला होता, त्याचंही चुकलं. आता तिघांचे गुण सारखे.

दुपारी मृण्मयी आम्हाला थेट दुसऱ्या टोकाला बेडोकला घेऊन गेली. लग्नानंतर ती आधी तिथे राहायची. इथे प्रत्येक वस्तीत हॉकर सेंटर असतं, म्हणजे एका छपराखाली ओळीने खाण्याचे गाळे आणि मधे सामायिक टेबलं. गर्दी होती. मृण्मयीने पर्समधून कागदी रुमालाचं पाकीट काढलं, एका रिकाम्या टेबलावर ठेवलं आणि निघाली खाणं आणायला.

“ते राहील तिथे?” मी विचारलं.

“म्हणजे टेबल आपलं झालं. इथली पद्धत आहे.”

आमच्याकडे एसटीच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकतात, तीच ही रीत. फरक एवढाच की आमच्याकडे रुमालावर माणूस बसलेला असतो आणि वर विचारतो, कुणाचा रुमाल? इथे चार म्हातारे ताट घेऊन आले, पाकिटाकडे बघितलं आणि पुढे गेले. मी तिथेच उभी राहून ते बघत राहिले. मृण्मयी आली तेव्हा म्हणाली, “राखण करत होतीस का?”

मुळा आणि तांदळाच्या पिठाच्या वड्या, अंड्यात परतलेल्या, काळ्या गोडसर सॉसमध्ये. त्यांना इथे कॅरट केक म्हणतात, गाजर त्यात नाही आणि केकही नाही. इराने माझ्याकडे मिरचीची वाटी ढकलली. खर्ड्यासमोर ती काहीच नव्हती, हे मात्र मी मोठ्याने सांगितलं. काकू म्हणाल्या, “बरोबर बोललीस.” दिवसभरात एवढाच एक गुण माझा.

रविवार, रिंक आणि कॅलेंडर

दुसरी मॅच हिरव्यांनी जिंकली, आरामात. आम्ही दोघींनी हिरवे दिले होते, सचिनने तर द्यायचेच. म्हणजे सगळं सोमवारच्या तिसऱ्या मॅचवर आलं. कॉलेजचं पुढे जाणं त्या मॅचवर, आणि ग्रुपचं नावही.

दुपारी इराचा स्केटिंगचा तास होता. बाहेर अंगाला शर्ट चिकटत होता आणि मॉलच्या आत जाऊन एक दार उघडलं तर बर्फ. तो वास मी बारा वर्षांनी घेतला. ओलं रबर, थंड लोखंड, मोजे. माझे डोळे भरून आले, म्हणून मी लगेच काहीतरी खोट काढायला सुरुवात केली. रिंक छोटं आहे. कडा ओल्या आहेत. पोरं फार आहेत.

इराने भाड्याचे स्केट्स घातले आणि दोन पावलांत पडली. मी तिला बाकावर बसवलं, पातं वर धरलं आणि त्याच्या कडेवरून अंगठ्याचं नख ओढलं.

“बघ. धार असली की नखाचा पांढरा भुगा येतो. ह्याला काहीच येत नाही. हे पातं नाही, सुरी आहे पावाला लोणी लावायची.”

काउंटरवरच्या चिनी काकांना मी पातं दाखवलं. त्यांनी स्वतः नख ओढलं, मान हलवली आणि मला विचारलं, “यू वर्क रिंक बिफोर, आह?”

“टू विंटर्स,” मी म्हणाले. अशी मान मी माझ्या पदवीदान समारंभातही ताठ केली नसेल.

त्यांनी धार लावून दिली. कड किती ठेवायची ते मी सांगत होते, ते ऐकत होते. इरा बर्फावर उतरली आणि सरळ गेली, वळली, थांबली. परत येऊन आईला म्हणाली, “मम्मा, सारिका आंटी नोज एव्हरीथिंग. यू ओन्ली नो हाऊ टू वॉच.”

मृण्मयी हसली. आधी तोंड हसलं, डोळे नंतर. मला ते दिसलं, आणि खोटं कशाला सांगू, बरं वाटलं. त्या भरातच मी बोलून गेले, “उद्या आपलेच. तिसरी मॅच, तिसऱ्या दिवशीचा घरचा बर्फ. आपल्या रिंकचा बर्फ तिसऱ्या दिवशी जड होतो, आपल्या पोरांना त्याची सवय आहे. तांबडे दमणार.”

“खात्री आहे?” तिने विचारलं.

“मी तो बर्फ पायाखाली घातलाय.”

ती ‘हं’ म्हणाली आणि इराचे मोजे गोळा करायला लागली. आपण काय बोलून बसलो, ते माझ्या लक्षातही राहिलं नाही. माणूस मोठेपणाच्या भरात असला की स्वतःचं बोलणं त्याला ऐकू येत नाही.

संध्याकाळी घरी आलो. मला आईला फोन करायचा होता, तिची चतुर्थी कधी आहे ते बघायला मी स्वयंपाकघरात गेले. फ्रीजला लटकवलेलं मराठी कॅलेंडर, दरवर्षी कुणीतरी पुण्याहून येताना आणतं. आमच्या घरी त्याच्या चौकटींत दुधाचा हिशोब असतो. इथे काकूंच्या बारीक अक्षरात एका चौकटीत ‘फिजिओ’, एका चौकटीत ‘इरा दात’. शनिवारी ‘तांबडे’. रविवारी ‘आपले’. आणि सोमवारी, उद्याच्या चौकटीत, ‘आपले’.

मी तिथेच उभी राहिले. काकूंचाही निकाल तोच, जो माझा. म्हणजे मृण्मयीही आपलेच देणार, तीन वर्षं तिने काकूंच्या शब्दाबाहेर पाऊल टाकलेलं नाही. दोघींचं एकच आलं तर काय? आपले जिंकोत की हरोत, दोघी बरोबरीत, आणि बरोबरी झाली तर जुनी पाटी कायम राहते, असा आमचा नियम. आणखी एक वर्ष ‘मृण्मयीचा दरबार’.

तिच्या पुढे जायचं तर एकच वाट होती. तिच्यापेक्षा वेगळं द्यायचं.

मला सगळं माहीत होतं. आपले जिंकणार हे मला बर्फावरून कळत होतं, काकूंना बाकावरून. तरी मी गॅलरीत जाऊन शिरीषला लिहिलं, ‘तांबडे’. त्याने विचारलं, ‘तू? नक्की?’ मी लिहिलं, ‘नक्की.’ समोरून ती छोटी गाडी गेली, घरांजवळ आली आणि तिच्या काचा पांढऱ्या झाल्या.

जेवायला बसलो तेव्हा काकूंनी मला जास्तीची भाकरी वाढली. मी तिचे तुकडे करत बसले.

सोमवार

सातच्या आधीच सगळ्या जाग्या होत्या. काकूंनी उपमा केला होता. आज त्यांनी खुर्ची पुढे ओढून घेतली, मटार नाहीत, काही नाही. इरा हिरवा टी-शर्ट घालून बसली, आईने कॉलेजच्या वेळचा जुना काढून दिला होता, गुडघ्यापर्यंत येत होता.

शिरीषने कळवलं की त्याच्याकडे वीज गेलीये, यादी मॅच संपल्यावर टाकतो. मला ते बरं वाटलं. मृण्मयीलाही वाटलं असावं, ती पटकन ‘ठीक आहे’ म्हणाली.

मॅच सुरू झाली. कॅमेरा वरून फिरला आणि मला माझी जागा दिसली, काउंटरच्या मागची काच, जिथे मी गॉगल लावून ठिणग्यांत उभी असायचे. त्या जागेवर आता कुणी दुसरी मुलगी उभी असेल. त्या रिंकने मला उबदार ठेवलं होतं, लोकांनी नावाने हाक मारली होती. आणि मी इथे सिंगापुरात उपमा खात बसले होते आणि ते हरावेत म्हणून वाट बघत होते.

तांबड्यांनी पहिला गोल केला. इरा ओरडली, “अय्यो.” मी मान खाली घातली, चेहरा दिसू नये म्हणून. मृण्मयी म्हणाली, “होतं असं.” तिचा आवाज फारच शांत होता.

काकू बाकाकडे बघत होत्या. “घाबरू नका. बाटली बघा. आज देतायत एकमेकांना.”

दुसऱ्या भागाच्या शेवटी आपल्या पोरांनी बरोबरी केली. इरा उड्या मारायला लागली. मी टाळी वाजवली, दोनदा. मृण्मयीने पण दोनदा. काकूंनी आम्हा दोघींकडे वळून बघितलं.

“काय गं, तुमचं पोट बिघडलंय का? कॉलेज तुमचं आहे का माझं?”

“टेन्शन आहे, आई,” मृण्मयी म्हणाली.

“हो, टेन्शन,” मी म्हणाले.

तिसरा भाग कोरा गेला. मग जादा वेळ, आणि त्यात नियम असा की जो पहिला गोल करेल तो जिंकला, तिथेच संपलं. तांबड्यांच्या पोरांचे पाय जड झाले होते. बर्फ जड झाला होता, अगदी मी सांगितला तसा. त्यांच्या एका बचावपटूला वळायला अर्धा क्षण उशीर होत होता. मी ते बघत होते, आणि माझ्यातली धार लावणारी सांगत होती, आता, डावीकडून, आता. आणि मी मनात म्हणत होते, नको.

डावीकडूनच आला. आपल्या पोराने चकती आडवी सरकवली, दुसऱ्याने नुसती काठी लावली. जाळी हलली.

सगळी हिरवी पोरं बर्फावर एकमेकांच्या अंगावर कोसळली. हेल्मेटं उडाली. टीव्हीतल्या त्या आवाजात इरा सोफ्यावर नाचत होती आणि काकू खुर्चीतून उठून टाळ्या वाजवत होत्या. मृण्मयी जागची हलली नाही. मी पण नाही. दोघी समोर बघत बसलो, मांडीवर उपम्याच्या ताटल्या.

काकूंनी टाळ्या थांबवल्या. “अगं, जिंकलात तुम्ही. ओरडा की.”

तेवढ्यात दोघींचे फोन वाजले. शिरीषची यादी. मी माझं नाव बघितलंच नाही, सरळ तिचं बघितलं. मृण्मयी, तांबडे.

मी वर बघितलं. ती माझ्याकडेच बघत होती.

“तू तांबडे?” ती म्हणाली. “तू तर म्हणालीस, मी तो बर्फ पायाखाली घातलाय.”

“आणि तू? कॅलेंडरवर ‘आपले’ लिहिलंय.”

“कॅलेंडर बघितलंस तू?”

“चतुर्थी बघायला गेले होते.”

तिने ताटली खाली ठेवली आणि सरळ बोलली, “मला वाटलं तू आपलेच देणार. इरा काल जे म्हणाली ना, ते मला लागलं. सात वर्षांत मी कधी एकटीच्या डोक्याने भाकित केलंच नाही, आधी तुझ्या शिकवणीने आणि मग आईंच्या. म्हटलं, यंदा दोघींच्या विरुद्ध जाऊन बघू.” मग हसायलाच लागली. “आणि ओव्हरटाइममध्ये मी देवाला म्हणत होते, हरू दे मेल्यांना.”

मला पण तेच सांगायचं होतं. तेच शब्द होते माझ्याकडे. पण कबुली द्यायलासुद्धा ती माझ्या आधी. आता मी काहीही बोलले तरी तिच्या मागून बोलल्यासारखं झालं असतं. मी एवढंच म्हणाले, “मी पण.”

काकूंनी दोघींकडे आळीपाळीने बघितलं. “म्हणजे घरच्या पोरांनी हरावं म्हणून तुम्ही दोघी बसला होतात? आणि मी वेडी उपमा करून घालतेय.” त्या आत गेल्या. जाताना म्हणाल्या, “मी लिहून ठेवलं होतं की. वाचता येत होतं ना दोघींना? एवढ्या शिकलेल्या.”

मी मृण्मयीकडे बघितलं. उत्तर तिच्याकडे असेल, तिच्या घरात तीन पिढ्या शिकलेल्या आहेत. पण ती उपम्याच्या ताटल्या गोळा करायला लागली.

सचिनने घरचा संघ लिहिला होता. ग्रुपचं नाव बदललं, ‘सचिनचा दरबार’. अर्ध्या तासाने त्याचा मेसेज आला, ‘अरे वा. कोण जिंकलं?’

मंगळवार, आणि हडपसर

विमानतळावर सोडायला तिघी आल्या. काकूंनी खर्ड्याची बाटली दिली. सिंगापूरहून इचलकरंजीच्या पोरीला खर्डा. “पुढच्या वर्षी मला फोन कर सरळ,” त्या माझ्या कानाशी म्हणाल्या, “हिला सांगू नको.” इराने माझ्या अंगठ्याच्या नखाकडे बोट दाखवून स्वतःचं नख दाखवलं. मृण्मयीने मिठी मारली आणि म्हणाली, “बर्फाचं बरोबर होतं हां तुझं.” मी म्हणाले, “बाटलीचं पण.” एवढंच.

सिंगापूर कसं आहे, असं कुणी विचारलं तर मी सांगते, स्वच्छ आहे, झाडं फार, टेबलावर कागदी रुमाल ठेवला की टेबल आपलं. जा, बघून या. सिंहही बघा.

परत आल्यावर पुढच्या रविवारी दुपारी मी तो गोल फोनवर पुन्हा लावला. डावीकडून आला, आडवी सरकवली, काठी लावली. जाळी हलली. आणि मी ओरडले. हेडफोन कानात होते, त्यामुळे आवाज किती मोठा झाला ते मला कळलं नाही. सासूबाई हातात केरसुणी घेऊन दारात आल्या.

“काय झालं गं? कोण जिंकलं?”

“आपले.”

“मॅच तर तू तिकडे असतानाच झाली ना? मग आज कशाला ओरडतेस?”

माझ्या मनात एकच आलं. मृण्मयीने हा गोल काकूंच्या शेजारी बसून, माझं विमान उडायच्या आतच परत बघितला असणार, आणि माझ्या आधी ओरडूनही घेतलं असणार.